डायलिसिसवरच्या संशोधनात 'भागीदार' म्हणून बोलावलंय. जाऊ का? गेले तर बोलू काय?

शिलाई_जत:

नमस्कार. मी जत तालुक्यातली. वय 43, घरी शिवणकाम करते. दोन्ही किडन्या निकामी आहेत, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेला जाते. महात्मा फुले योजनेतून होतं, त्यामुळे मशीनचा खर्च नाही. बाकीचा आहेच.

गेल्या महिन्यात आमच्या युनिटमध्ये एका मेडिकल कॉलेजचे डॉक्टर आले होते. खेड्यापाड्यातले पेशंट डायलिसिस मध्येच का सोडतात, तारखा का चुकवतात, यावर त्यांना अभ्यास करायचाय. त्यासाठी ते पेशंट आणि घरच्या माणसांची एक समिती करणार आहेत. मला म्हणाले, "तुम्ही नुसती उत्तरं द्यायची नाहीत, आमच्याबरोबर बसून अभ्यास ठरवायचा."

मालक म्हणतात, सही घेतील, फोटो काढतील आणि विसरतील. मी दहावी शिकलेय. त्यांनी दिलेला जाडजूड कागद सगळा इंग्रजीत आहे. एवढ्या डॉक्टरांसमोर मी काय सांगणार? आणि खरं बोलले तर युनिटमधले लोक दुखावतील का, ही भीती आहे. सुई तेच टोचतात, त्यांच्याशी वाकडं घेऊन मला चालणार नाही. पैशांचं विचारावं की नाही तेही कळेना. मीटिंग गुरुवारी सकाळी दहाला आहे आणि बुधवारी माझं डायलिसिस असतं.

कुणी असं काम केलं असेल तर सांगा.

कॅबवाला_पुणे:

ताई, जा. पण काही गोष्टी आधी ठरवून जा.

मी एचआयव्हीसोबत जगणारा माणूस आहे. पुण्यातल्या एका संशोधन केंद्राच्या सामुदायिक सल्लागार मंडळावर बरीच वर्षं बसलो. आम्ही त्याला कॅब म्हणायचो. तुम्हाला बोलावलंय ती समिती त्याच जातीची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे एका अभ्यासात नाव नोंदवलेले लोक पुढच्या तारखांना येईनासे झाले. संशोधकांना वाटलं, लोकांना अभ्यासाचं महत्त्व पटलेलं नाही, समुपदेशन वाढवू. तसा प्रस्तावही तयार झाला. मंडळावर घरकाम करणारी एक बाई होती, बैठकीत फार बोलत नसे. तिने विचारलं, "तारीख चुकली की तुमची गाडी घरी येते ना? तिच्यावर नाव कुणाचं असतं?" गाडीवर केंद्राचं नाव मोठ्या अक्षरात होतं. ती वस्तीत शिरली की दुसऱ्या दिवशी नळावर चर्चा सुरू. त्या धास्तीने लोक पत्ता खोटा द्यायचे आणि एकदा तारीख चुकली की पुन्हा फिरकायचेच नाहीत. त्यानंतर गाडी बंद झाली. कार्यकर्ता आधी फोन करून, पेशंट सांगेल त्या ठिकाणी भेटू लागला. समुपदेशनाचा प्रस्ताव बाजूला राहिला.

हे कुठल्याच प्रश्नावलीत आलं नसतं. "तुमच्या दाराशी कुणाची गाडी थांबते" असा प्रश्न लिहायला ती गाडी दाराशी थांबल्यावर पोटात येणारा गोळा माहीत असावा लागतो. शिकलेल्या, मनापासून काम करणाऱ्या डॉक्टरांनाही तो माहीत नव्हता. त्यात त्यांचा दोष नाही, पण म्हणूनच आपण तिथे असायला हवं.

संमतीपत्राचंही असंच. त्यात लिहिलं होतं, दर वेळी 30 मिलिलिटर रक्त घेतलं जाईल. लोकांच्या डोळ्यांसमोर रक्ताची बाटली यायची. आम्ही लिहायला लावलं, "साधारण सहा चहाचे चमचे." माणसं निवांतपणे हात पुढे करू लागली.

आता तुमच्या अभ्यासाबद्दल. पहिलं म्हणजे प्रश्नावली पक्की झाली आहे का, ते विचारा. झाली असेल तर ती बदलायला तयार आहात का, हेही तिथेच विचारा. समितीचं खरं काम अभ्यासाचा प्रश्न ठरतानाच असतं. सगळं ठरल्यावर बोलावलं तर हाती फक्त भाषा सुधारणं उरतं, तेवढ्यासाठी मिरजेपर्यंत हेलपाटा कशाला? माझा अंदाज सांगतो, त्या कागदात पेशंटचं वय, शिक्षण, उत्पन्न, "आजाराची जाण" असे रकाने असणार. त्यात युनिटचे रकाने घालायला लावा. मशीन बंद पडल्याने परत जावं लागलं का? शिफ्ट बदलल्याचं आदल्या दिवशी कळलं की दारात पोचल्यावर? परतीच्या शेवटच्या गाडीआधी मशीनवरून काढतात का? तारखा का चुकतात याची अर्धी उत्तरं पेशंटच्या घरात असतील, अर्धी युनिटच्या वेळापत्रकात. दुसरी बाजू कागदावर आलीच नाही तर शेवटी निष्कर्ष निघेल की पेशंट निष्काळजी आहेत. हे मी होताना पाहिलंय, म्हणून तळमळीने लिहितोय.

भीतीचं म्हणाल तर ती खरी आहे, ती मनात ठेवू नका. पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी लेखी मागा. समितीत बोललेलं युनिटपर्यंत नावानिशी जाणार नाही, आणि समिती कधीही सोडली तरी उपचारात फरक पडणार नाही. शक्य असेल तर एखाद्या वेगळ्या युनिटचे पेशंटही समितीत घ्यायला सांगा, म्हणजे कोणती तक्रार कुणाची ते उघड पडत नाही. एकटा पेशंट चार डॉक्टरांसमोर बसला की तोंड उघडत नाही. किमान तिघी-चौघं असाल तर एकमेकांच्या बोलण्याला आधार मिळतो.

पैसे जरूर मागा. येण्याजाण्याचं भाडं, सोबत येणाऱ्याचंही, आणि त्या दिवसाच्या शिलाईच्या बुडालेल्या मजुरीचे. तिथे बसलेल्या प्रत्येकाला त्या वेळेचा पगार मिळत असतो.

समितीत बसून बोलण्याचा हा हक्क कुणी दयेने दिलेला नाही. 1983 साली अमेरिकेत डेन्व्हरला एड्स झालेल्या माणसांनी एकत्र येऊन लिहून ठेवलं की आमच्याबद्दलच्या निर्णयांत प्रत्येक पातळीवर आम्हाला स्थान हवं. तेव्हा या आजारावर औषधसुद्धा नव्हतं. 1994 साली पॅरिसला 42 देशांनी तेच तत्त्व मान्य केलं. पुण्यातल्या त्या खोलीत मला खुर्ची मिळाली ती त्या माणसांमुळे.

डॉ_कम्युनिटी_मेडिसिन:

मी अशाच एका विभागात शिकवतो. वरचं सगळं पटलं. संशोधकाच्या बाजूने थोडं सांगतो.

इंग्रजी कागद बहुधा प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा सविस्तर आराखडा असेल. तो नीतिसमितीसाठी लिहिलेला असतो, तुम्ही तो वाचावा अशी अपेक्षा करणंच चूक आहे. दोन पानी मराठी सारांश मागा, संकोच करू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नीतिसमितीत एक सामान्य नागरिक असावाच लागतो आणि गरजेप्रमाणे रुग्णगटाच्या प्रतिनिधीलाही बोलावता येतं. पण त्या समितीचं काम अभ्यासाला मंजुरी देणं. अभ्यास घडवताना रुग्णाला सोबत घेणं हे त्यापलीकडचं आहे आणि आपल्याकडे अजून फार कमी जण करतात. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं, हेच मला आशेचं वाटतं.

मानधनाचं शक्यतो पहिल्याच बैठकीत बोला. अनुदानाचा अर्ज एकदा गेला की त्यात नवा खर्च घालणं फार अवघड होतं. आमची इच्छा असूनही हात बांधलेले असतात.

"मी काय सांगणार" यावर एक उदाहरण देतो, तेही डायलिसिसचंच. 'साँग' नावाचा एक आंतरराष्ट्रीय उपक्रम आहे. हिमोडायलिसिसवर, म्हणजे तुमच्यासारख्या मशीनवरच्या डायलिसिसवर, उपचार तपासणाऱ्या प्रत्येक संशोधन-चाचणीत काय मोजलंच पाहिजे, हे त्यांनी 70 हून अधिक देशांतल्या हजारावर लोकांना विचारलं, त्यात रुग्ण आणि घरचेही होते. डॉक्टरांनी मृत्यू, हृदयविकार यांना वरचं स्थान दिलं. रुग्णांच्या यादीत थकवा, प्रवास करता येणं, मशीनपासून मोकळा मिळणारा वेळ हे वर होतं. शेवटी ठरलेल्या चार गोष्टींत थकवा आला, आणि तो मोजायला तीनच प्रश्नांची छोटी प्रश्नावली तयार झाली. त्याआधी बहुतेक चाचण्या रक्तातले आकडे मोजत होत्या आणि थकव्याची नोंदच होत नव्हती. कॅनडात रुग्णांसोबत बसून संशोधनाचे दहा अग्रक्रम ठरवले, त्यात अंगाची खाज होती. खाजेने रात्र रात्र झोप न येणं हा संशोधनाचा विषय आहे, असं मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

नर्सबाई_गडचिरोली:

आमच्या जिल्ह्यातलं सांगते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत बायकांच्या आजारांचा अभ्यास केला, तो 1989 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला आणि आधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के होत्या. तोवर सरकारी कार्यक्रमांत बाई म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढंच. बायका सांगत होत्या, ऐकणारं कुणी नव्हतं. शिलाईताई, तुम्ही बोला.

शिलाई_जत:

सगळ्यांचे आभार. काल रात्री वहीत लिहायला घेतलं, तर दोन पानं भरली.

दुसऱ्या शिफ्टला मशीनवर घेतलं की चार तासांनी सुटेपर्यंत अंधार पडतो. सुई काढल्यावर जागा दाबून धरायची, रक्त थांबायची वाट बघायची. तोवर आमच्या मार्गाची गाडी गेलेली असते. बीपी खाली गेलेलं असलं की स्टँडवर उभं राहवत नाही, पायात गोळे येतात. मालकांचा आठवड्यातला दोन दिवसांचा रोज माझ्यापायी बुडतो. शेजारच्या गावचे एक आजोबा यायचे, त्यांच्या मुलाला रोज बुडवणं परवडेना म्हणून त्यांनीच यायचं बंद केलं. युनिटच्या वहीत त्यांच्या नावापुढे "स्वतःहून सोडले" असं लिहिलंय. फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला शस्त्रक्रियेने केलेली शीर) डाव्या हाताला आहे, शिवताना कापड त्याच हाताने सरकवते, दुसऱ्या दिवशी तो जड असतो. त्यामुळे ऑर्डरी कमी घेते. आणि आम्हा किडनीच्या पेशंटना पाण्याचं बंधन, उन्हाळ्यात जतमध्ये दिवसाचं पाणी मोजून प्यायचं म्हणजे काय, ते इथे लिहून कळणार नाही.

हे "संशोधनात" बसतं का?

कॅबवाला_पुणे:

ताई, हेच संशोधन आहे. त्या आजोबांपासून सुरुवात करा. "स्वतःहून सोडले" या एका शेऱ्यात किती जणांची परवड दडली असेल, ते शोधा म्हणावं. जे यायचे थांबले त्यांच्या घरी जाऊन विचारा, नुसतं युनिटमध्ये खाटेवर असलेल्यांना विचारून अभ्यास करू नका, हे समितीकडून पहिलं मागणं असू द्या. आजोबांचं नाव-गाव मात्र त्यांना विचारल्याशिवाय बैठकीत घेऊ नका.

आणि आजच त्या डॉक्टरांना फोन करा. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला येणं जमणार नाही, बैठक एक तर आमच्या डायलिसिसच्या दिवशी मशीनवर घ्यायच्या आधी तिथेच घ्या, नाहीतर जतला या, असं सांगा. ते काय म्हणाले ते इथे कळवा. वहीतली दोन पानं जशी आहेत तशीच घेऊन जा, कुणाकडून शुद्ध मराठीत करून घेऊ नका.