जीडीपीआरच्या तुलनेत आपला डेटा कायदा कुठे कमी पडतो?

मीठभाकर: बाबांची रक्ततपासणी केली आणि दुसऱ्याच दिवशी शुगरच्या औषधाचे फोन सुरू. "काका, तुमची शुगर वाढलीय ना?" असं थेट. लॅबवाले म्हणतात आम्ही नंबर दिलाच नाही. युरोपात जीडीपीआर, म्हणजे तिथल्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ८२ खाली मनस्तापाचीसुद्धा भरपाई मागता येते. आपल्या २०२३च्या डीपीडीपी, म्हणजे वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत, पण तो सगळा सरकारी तिजोरीत, बाबांना एक रुपया नाही. उलट आयटी कायद्यात भरपाईचं कलम ४३ए होतं तेही काढून टाकायचं ठरवलंय. चीड येते.

कोल्हापुरी_कोडर: राग समजतो पण युरोपचं इतकं कौतुक नको. आमची चार जणांची कंपनी, एका जर्मन क्लायंटसाठी नुसत्या कागदपत्रांत दोन महिने गेले, आणि तिकडची माणसं काय करतात तर वेबसाइटवर कुकीचा (माग ठेवायच्या परवानगीचा) चौकोन आला की न वाचता ओके. फेसबुकच्या मेटा कंपनीला २०२३ मध्ये १.२ अब्ज युरो दंड झाला, फेसबुक आहे तिथेच आहे. आपल्या कायद्यात परवानगीची नोटीस मराठीतही मागता येते, माझ्या आईला त्याचा जास्त उपयोग.

श्टुटगार्टची_सून: कुकीचा नियम जीडीपीआरच्या आधीपासून आहे हो, त्याचं खापर यावर नको. मी इथे जर्मनीत जिम सोडताना मेल केला, माझी काय काय माहिती आहे ती पाठवा. कायद्याने एक महिन्यात उत्तर द्यावं लागतं. अकरा पानं आली, मी कधी आत गेले कधी बाहेर पडले सगळं, आणि कोणत्या कंपनीला दिलं तेही. ती पानं हातात धरल्यावर कळलं हक्क म्हणजे काय.

कोल्हापुरी_कोडर: हा हक्क आपल्याकडेही आहे की, कलम ११, माहिती कुणाला दिली ते विचारता येतं.

मीठभाकर: कागदावर! कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी लागू. शिवाय सरकार आपल्या हव्या त्या खात्याला कायद्यातून सूट देऊ शकतं. अमेरिकेची सरकारी पाळत जास्त म्हणून युरोपच्या कोर्टाने २०२० मध्ये त्यांच्यासोबतचा डेटाचा करारच रद्द केला, तसा धाक इथे कुणाचा आहे सांगा.

कोल्हापुरी_कोडर: सरकारी खात्यांच्या सवलतीबद्दल मी तुमच्याच बाजूने, ती नकोच. पण लॅबला आजच लेखी मेल टाका, तारखेसकट, आणि फोन आलेले नंबर लिहून ठेवा. तोंडी नाही म्हणणं सोपं असतं.