मदत हवी आहे : पूरनिवारा असलेल्या शाळेतील शौचालये तुंबू नयेत यासाठी काय करावे?

नमस्कार. आमचे गाव करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठावर आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाण्याने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की खालच्या गल्लीतील कुटुंबे उंचावरच्या शाळेत हलवली जातात; २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये तसेच झाले. दोन्ही वेळा निवाऱ्याच्या देखरेखीत मी होतो. भाकरी, चादरी, औषधे यांची उणीव फारशी भासली नाही. कोल्हापूरकर अशा वेळी हात आखडता घेत नाहीत, आणि शेवटी शेवटी तर बिस्किटांचे पुडे ठेवायला जागा उरली नव्हती. घोडे अडले ते शौचालयापाशी.

२०२१ मध्ये आमच्याकडे २८० माणसे पाच दिवस राहिली. शाळेत शौचालये सहा आहेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान निकषांप्रमाणे ३० जणांमागे एक, म्हणजे दहा हवीत. पण तेवढी तूट रांगा लावून कशीबशी भागली असती. दुसऱ्या दिवशी मात्र जमिनीतील पाणी इतके वर आले की शोषखड्ड्यात काही मुरेना, सेप्टिक टँक तुंबली आणि ओतलेले पाणी भांड्यातून परत वर येऊ लागले. मैला उपसणारी गाडी बोलवावी, तर रस्ता पाण्याखाली. कोणीतरी आत उतरून बादलीने काढावे, अशी एक सूचना आली; ती मी तिथल्या तिथे मोडून काढली, कारण २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी ते होऊ दिले नसते.

त्याच संध्याकाळी एका आजींनी चहाचा कप थोडा वेळ नुसता हातात धरला आणि मग गुपचूप नातवाला देऊन टाकला. विचारल्यावर म्हणाल्या, "रात्री जावं लागतंय रे बाळा." अंधारात, साचलेल्या पाण्यातून, व्हॉलीबॉलच्या खांबाला बांधलेल्या म्हशींना वळसा घालून जावे लागू नये म्हणून बायकांनी पाणी पिणेच सोडले होते, हे मला तेव्हा उमगले. होडीने आणलेले बाटलीबंद पाण्याचे खोके मात्र कोपऱ्यात न फोडता पडून होते.

ग्रामपंचायत या वर्षी थोडा निधी देण्यास तयार आहे. शोषखड्डा निकामी झाल्यावरही पाच-सहा दिवस टिकेल अशी कोणती व्यवस्था जूनपूर्वी करता येईल? दुसरे म्हणजे, शाळेची बोअर सेप्टिक टँकपासून जेमतेम १२ मीटरवर आहे आणि निकष ३० मीटरचा आहे, तर पुरात ते पाणी वापरावे की नाही? जागेचा प्रश्नही आहेच : माणशी ३.५ चौरस मीटर धरले, तर २० बाय २५ फुटांच्या वर्गखोलीत १३ माणसे बसतात आणि आम्ही ३० झोपवली होती. पण तो विषय मी तूर्त बाजूला ठेवतो.

प्रतिसाद : पाणीपुरवठ्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो. आंघोळीचे व धुण्याचे पाणी प्रथम वेगळे काढा, ते शौचालयाच्या टाकीत जाता कामा नये. शौचालयासाठी माणशी ५ लिटर धरले, तर २८० जणांचे रोज १,४०० आणि पाच दिवसांचे ७,००० लिटर होतात. तेवढ्या क्षमतेच्या बंद टाक्या जमिनीवर ठेवून त्यांच्याहून उंच ओट्यावर तात्पुरती शौचालये बांधा. टाकी पुरू नका. भूजल वाढले की रिकामी टाकी वर उचलली जाते आणि जोडलेले पाइप तुटतात. जुनी सेप्टिक टँक मेअखेर उपसून घ्या. बोअरचे पाणी पुराच्या काळात पिण्यास देऊ नका, वापरण्यापूर्वीही टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची चाचणी, घ्या. पावडरचे पोते मात्र मागच्या वर्षीचे नको, कारण दमट हवेत तिच्यातील क्लोरीन उडून जातो आणि मग आपण नुसता चुना ढवळत बसतो. ओट्यापर्यंत बॅटरीवरचे दिवे लावा आणि म्हशी दुसऱ्या अंगाला बांधा, यास निधीही लागत नाही.

धागाकर्ता : मनापासून आभार, दादा. म्हशींचे मला सुचायला हवे होते. ओट्याची जागा उद्या सकाळी मोजतो. फक्त एक सांगावे, आजींसारख्यांना चढता यावे म्हणून पायऱ्यांऐवजी उतार केला, तर पावसात तो निसरडा होऊ नये यासाठी वर काय घालावे?