महिन्याला ठरावीक रक्कम, कागदावर ‘प्रोफेशनल फी’: हे चालतं का?

पेठेतला_स्टुडिओ

नमस्कार. नारायण पेठेत आमचा शालेय अभ्यासक्रमाचे व्हिडिओ बनवणारा छोटा स्टुडिओ आहे. पगारावर १७ माणसं, शिवाय चौघं ‘फ्रीलान्स’. त्यातल्या दोघांबद्दल विचारायचंय.

एक व्हिडिओ एडिटर. सोमवार ते शनिवार दहाला येते, आमच्याच मशीनवर बसते, सहा-साडेसहाला निघते. महिन्याला ३२ हजार. सुट्टी हवी असली की ग्रुपवर विचारते. तिचं बिल आमचाच अकाउंटंट टाइप करतो, ती खाली सही करते आणि १० टक्के टीडीएस कापून पैसे जातात. करार ११ महिन्यांचा, संपला की नवा.

दुसरा चित्रकार, सासवडचा. स्वतःचा टॅब्लेट, दर चित्रामागे ठरलेला. दोन प्रकाशकांचंही काम करतो. ऑफिसला क्वचित येतो.

आता आणखी तीन एडिटर घ्यायचेत, पहिलीसारखेच. सीए म्हणतात, टीडीएस जातोय ना, मग काळजी नको. पण परवा एडिटर मुलीने विचारलं, “मॅडम, मला बाळंतपणाची रजा मिळेल का?” मला काही सांगता आलं नाही. तिच्यावर अन्याय नको आणि उद्या नोटीसही नको. नेमकं काय करावं?

पगारपत्रक

मॅडम, भोसरी-चाकणच्या कारखान्यांची आणि आता लहान ऑफिसांची पगारपत्रकं हेच माझं काम आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. सासवडचा चित्रकार खरा फ्रीलान्सर आहे. एडिटर तुमची कर्मचारी आहे, करारावर काहीही छापलेलं असो.

टीडीएस आयकर खात्यासाठी. माणूस नोकर की स्वतंत्र व्यावसायिक, हे त्याने ठरत नाही. कोर्ट रोजचा व्यवहार बघतं: काम कसं करायचं हे कोण सांगतं, अवजार कोणाचं, वेळ कोणाची, दुसरीकडे काम करायची मोकळीक आहे का, नफा-तोट्याची जोखीम कोणावर. एकाच मुद्द्यावर निकाल लागत नाही, सगळं मिळून तोललं जातं.

सुप्रीम कोर्टाचा १९७३ सालचा शिंप्यांचा निकाल मी प्रत्येक मालकाला सांगतो, सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसचा. शिंपी नगावर शिवायचे. यायची-जायची वेळ पक्की नव्हती, काही जण कापड घरीही न्यायचे. तरी कोर्टाने त्यांना कर्मचारी मानलं, कारण मशीन दुकानाची होती आणि शिवण पसंत पडली नाही तर उसवून पुन्हा शिवायला लावायचा अधिकार मालकाकडे होता. तुमच्या एडिटरला तर वेळही बांधलेली आहे. आणि बिल तुमच्याच अकाउंटंटने टाइप केलेलं! चौकशी आली तर पहिला कागद तोच बाहेर येईल.

आता आकडा बघा. पीएफचा उंबरठा २० माणसांचा. तुम्ही १७ म्हणून निवांत आहात. एडिटर धरून १८, आणखी तीन तसेच घेतले की २१. म्हणजे सगळ्या ऑफिसला पीएफ लागू. हे काही वर्षांनी उघडकीला आलं तर मागची रक्कम, व्याज आणि दंड एकदम भरावा लागतो. कामगाराचा हिस्साही बहुधा मालकाच्याच खिशातून जातो, कारण मागच्या पगारांतून तो कापता येत नाही.

बाळंतपणाचं: दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत, आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असेल तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा. ती मुलगी या हिशोबात सरळ बसते. तिला ‘हो’ म्हणा.

कोथरूड_डेपो

आमच्याकडेही सगळे ११ महिन्यांवरच आहेत. मधे आठवडाभर ब्रेक देतो, कधी प्रश्न आला नाही. इतकं घाबरायचं कारण नाही.

पगारपत्रक

प्रश्न आला नाही, कारण कोणी तक्रार केली नाही. तोच माणूस, तीच खुर्ची, तेच काम असेल तर ब्रेक नावापुरता आहे हे कुणालाही कळतं. ठरावीक मुदतीसाठीच माणूस हवा असेल तर कायद्यात सरळ सोय आहे: मुदतीचा रोजगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे श्रम कायदे लागू झालेत. त्यात अशा माणसाला कायम कर्मचाऱ्याइतकेच लाभ आणि एका वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटी आहे. मग आडवाट कशाला?

वारज्याची_डिझायनर

मी पलीकडच्या बाजूने लिहिते. एका कंपनीत अशीच ‘कन्सल्टंट’ होते. सकाळी साडेनऊला हजेरीचा मेसेज, शनिवारी कामाला नाही म्हणायची सोय नाही, बाहेरचं काम घ्यायला लेखी बंदी. वडिलांच्या ऑपरेशनला थांबले तर त्या दिवसांचे पैसे कापले. गृहकर्जाला गेले तर बँकेने सॅलरी स्लिप मागितली, ती कुठून आणणार? नोकरीची सगळी बंधनं होती, आधार एकही नव्हता. मॅडम, तुमच्या एडिटरने विचारायला किती धीर गोळा केला असेल ते मला कळतं.

आता मी खरी फ्रीलान्सर आहे आणि खूश आहे. लोगोचे पैसे लोगोला, दोन फेऱ्या दुरुस्ती दरात धरलेल्या, तिसरीपासून वेगळे पैसे. कधी बसून करायचं ते मी ठरवते.

पेठेतला_स्टुडिओ

मनापासून आभार. एडिटरला १ तारखेपासून पगारावर घेतेय, नेमणूकपत्रात आधीची सेवाही धरणार. रजेचं तिला आजच सांगितलं. नव्या तिघांतले दोघं पगारावर. तिसऱ्याचा स्वतःचा सेटअप आहे, त्याला व्हिडिओमागे दर हवाय. त्याच्या आणि चित्रकाराच्या करारात काय असावं? त्यांना आमच्या सोमवारच्या मीटिंगला बोलावलं तर चालेल का?

पगारपत्रक

कामाची चर्चा करायला बोलवा, हजेरी लावायला नको. करारात काय द्यायचं, कधीपर्यंत, किती पैशांत आणि किती दुरुस्त्या, एवढं असू द्या. काम कसं आणि किती वाजता करायचं ते लिहू नका. ‘दुसरीकडे काम करणार नाही’ ही ओळ असेल तर काढा. बिल त्यांनीच बनवायचं, स्वतःच्या नंबरने.

आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात, चित्रांचा कॉपीराइट. कर्मचाऱ्याने नोकरीत केलेल्या कामाचा हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचा. फ्रीलान्सरचं तसं गृहीत धरू नका, लेखी हस्तांतर घ्या. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमचे व्हिडिओ आखातातल्या मराठी मुलांपर्यंत जाणार असतील तर दोन्ही आत्ताच लिहून घ्या, आणि त्या हक्काचे पैसे चित्रकाराच्या दरात धरा.

श्रम कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाकडून दोन्ही मसुदे एकदा वाचून घ्या. सीएंनाही सोबत न्या.