मुलांचे खेळ, छंद आणि खर्च : आपले अनुभव लिहावेत

माझी ११ वर्षांची मुलगी गेली ३ वर्षे पुण्यात बॅडमिंटन शिकते आहे. अकादमीची फी महिना ४,५०० रुपये आहे आणि प्रवेश घेताना खर्च म्हणून आम्ही तेवढाच धरला होता. परंतु पिसांची शटल, रॅकेटचे गटिंग (जाळीच्या तारा), दर आठ-नऊ महिन्यांनी लहान होणारे बूट, स्पर्धांची प्रवेश फी आणि परगावी गेल्यावर दोघींचा प्रवास व मुक्काम हे सगळे वहीत मांडू लागल्यावर गेल्या वर्षीचा आकडा १,३२,००० रुपयांवर गेला.

मागच्या महिन्यात तिच्या सरांनी मला थांबवून सांगितले की, ती स्मॅश मारायचे टाळते आहे. घरी आल्यावर विचारले, तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आई, स्मॅशने पीस मोडतं. एक शटल केवढ्याला पडतं ते मी तुझ्या वहीत वाचलंय." शटलला १६ पिसे असतात आणि त्यांतले एक जरी मोडले तरी ते हवेत डुगडुगते, हे खरेच आहे, पण ही काळजी तिने करावी असे मला कधीच वाटले नव्हते. म्हणून हा धागा काढते आहे. आपला प्रत्यक्ष खर्च किती होतो, कुठे हात आखडता घेतला आणि मुलांना आकडा कळू दिला का, हे कृपया मोकळेपणाने लिहावे.

ठाणे, क्रिकेट

आमच्या घरी १३ वर्षांच्या मुलाला सगळे आकडे माहीत आहेत, कारण ते लपवणे शक्यच नव्हते. पहिली इंग्लिश विलोची बॅट आम्ही १४,००० रुपयांना घेतली आणि तेल पाजून, मोगरीने ठोकून ती तयार करायची असते हे कोणी न सांगितल्यामुळे दोन महिन्यांत एका यॉर्करवर ती खालून चिरली. त्या दिवशी मुलगा जेवला नाही. दुसरी बॅट घेतल्यावर माझे सासरे रोज संध्याकाळी गॅलरीत बसून अर्धा तास तिच्या कडा ठोकत असत, आणि ती बॅट अजून टिकली आहे. पॅड आणि ग्लोव्हज आम्ही मोठ्या मुलांकडून वापरलेले घेतो. शिवाजी पार्कला जाताना किटबॅग घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढता येत नाही, म्हणून सासरे त्याच्याबरोबर मालडब्यातून जातात. हॅरिस शील्ड या आंतरशालेय क्रिकेट स्पर्धेत शाळेकडून खेळायचे हे त्याचे स्वप्न आहे आणि तिथपर्यंत तरी आम्ही मागे हटणार नाही.

कोल्हापूर जिल्हा, कुस्ती

तालमीची फी विचाराल तर नगण्य आहे. पैसा जातो तो खुराकात. पोरगा १५ वर्षांचा आहे. त्याला रोज २ लिटर दूध, बदामाची थंडाई, तूप आणि फळे लागतात. आमची दोन म्हशींची धार आहे, त्यामुळे दूध विकत आणावे लागत नाही. पण जे दूध त्याच्या पोटात जाते ते डेअरीला जात नाही, आणि दर १० दिवसांच्या बिलात ते बरोबर कमी दिसते. आता स्पर्धा मॅटवर होत असल्याने कुस्तीचे बूटही घ्यावे लागतात, जे मातीत कधी लागले नव्हते. कुस्तीगीर खाशाबा जाधव १९५२ साली ऑलिंपिकसाठी हेलसिंकीला गेले तेव्हा लोकांनी वर्गणी काढली होती, हे आमच्या भागात अजून अभिमानाने सांगितले जाते. माझ्या पोरासाठीही भावकीने एकदा हात पुढे केला, तो मी घेतला आणि त्याची मला लाज वाटत नाही.

डोंबिवली, मल्लखांब

थोडक्यात लिहितो. स्केटिंगचे बूट, चाके आणि रिंकची फी परवडेना, म्हणून दोन्ही मुलींना मल्लखांबाला घातले. एका लाकडी खांबावर, एरंडेल लावून, ३० मुले आळीपाळीने चढतात आणि महिन्याला दोघींचे मिळून ८०० रुपये होतात. मुली खूश आहेत. स्केटिंग का सुटले, ते आम्ही त्यांना तेव्हाच खरे सांगितले होते.

नागपूर, बुद्धिबळ

पटावर लागते तरी काय, असे लोक विचारतात. रेटिंग स्पर्धेची (जिच्या निकालावर खेळाडूचे गुणांकन ठरते) प्रवेश फी भरा, आई किंवा वडिलांपैकी एकाने रजा काढा, दोघांची रेल्वे तिकिटे आणि ५ दिवसांची खोली पाहा. तेवढे करून पहिल्या दोन फेऱ्या हरल्या तरी मुक्काम पूर्ण करावाच लागतो. २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आमचा मुलगा रात्रभर झोपला नाही. त्यानंतर आम्ही वर्षाला फक्त ४ बाहेरगावच्या स्पर्धा असे ठरवले आणि त्या कोणत्या, ते त्यालाच निवडायला लावले. आकडा त्याच्यासमोर ठेवल्याचा आम्हाला पश्चात्ताप नाही, कारण निवडही त्याच्याच हाती दिली होती.

मिरज, तबला

मी पालक नाही. धागा काढणाऱ्या ताईंच्या मुलीच्या जागी मी एकेकाळी होतो. तबल्याची प्रवेशिका परीक्षा पूर्ण झाल्यावर पुढच्या मध्यमा परीक्षेची तयारी चालू असताना तबल्याची पुडी (वरचे कातडे) बदलायची वेळ आली आणि त्याच आठवड्यात वडिलांनी जादा पाळी घेतल्याचे मी ऐकले. मला कोणी काहीच सांगितले नव्हते, त्यामुळे दोन गोष्टींची सांगड मी माझ्याच मनाने घातली आणि "मला आता आवडत नाही" असे सांगून क्लास सोडला. वडील काही बोलले नाहीत. जादा पाळीचा तबल्याशी काहीच संबंध नव्हता, ती बहिणीच्या दाताच्या उपचारांसाठी होती, हे मला १४ वर्षांनी, तिच्या लग्नाच्या गडबडीत कळले.