गौरीपूजनाच्या दिवशीच इंटर्नल, काय करू?

प्रश्न: मुंबईत एसवायला आहे, घर कणकवलीजवळ. रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि टाइमटेबल लागलं १२ दिवस आधी, त्यात गौरीपूजनालाच पेपर, वहिनीचा पहिला ओवसा (नव्या सुनेने गौरीपुढे सूप ओवाळायचा विधी) आहे हो, तिकीट कॅन्सल करू का?

उत्तर: अजिबात नको! कोकणातल्या सगळ्या पोरांच्या सह्या घे, तिकिटाची झेरॉक्स जोड आणि एचओडींना भेट. आम्हाला अशीच री-टेस्ट मिळालेली.

उत्तर: आमचं ईदला हेच. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येते, त्यात चंद्र दिसेपर्यंत दिवस पक्का नाही, म्हणून मागचा-पुढचा दिवसही मोकळा ठेवायला हवा. मागे नमाजवरून थेट पेपरला गेलो, अम्मीने शीरखुर्मा डब्यात दिलेला.

प्रश्नकर्ती: थँक्यू दादा, २३ सह्या झाल्यात, उद्या जातोय.