धागा: फेब्रुवारीत अंदमानचं हॅवलॉक बेट. पूर्ण स्कूबा कोर्स करावा की एकदाच बुडी मारून यावं?

घाटावरचं_कासव
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आठ दिवस अंदमानला जायचं ठरतंय, पुण्याहून. मी (चष्मा, दोन्ही डोळे −३.५), नवरा (वय ४६, बीपीची एक गोळी चालू) आणि मुलगा (१२ पूर्ण). मी आणि मुलगा व्यवस्थित पोहतो. नवरा तलावाची एक लांबी मारून काठ धरतो. टूरवाले सांगतात की अर्ध्या तासाची स्कूबा करा, फोटो मिळतील, उरलेल्या दिवसांत नील बेट आणि बाकीची ठिकाणं. मला नीट शिकायचं आहे. आठ दिवसांत बसेल का? काय विकत घ्यावं? सर्टिफिकेट बारा वर्षांच्या मुलाला मिळतं का?

बुडबुडा
बसतं, आरामात बसतं. फक्त नीलचा हट्ट सोडा आणि बेत शेवटच्या दिवसापासून उलटा आखा. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं: आधी विमान, मग हॉटेलं, मग फिरणं, आणि राहिलेल्या फटीत डायव्हिंग. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसता येत नाही. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो आणि वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असल्याने तोच वायू शरीरात बुडबुड्यांच्या रूपात सुटू शकतो. एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, एकाहून जास्त किंवा रोज रोज केल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं. व्यवहारात सरळ २४ धरा.

म्हणून आठव्या दिवशी विमान असेल, तर सातवा दिवस कोरडा. सकाळच्या फेरीने पोर्ट ब्लेअर, दुपारी सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी वगैरे निवांत पाहा. सहाव्या दिवशी दुपारपर्यंत शेवटची डाइव्ह. चौथ्या-पाचव्या दिवशी कोर्सच्या चार डाइव्ह, रोज दोन. तिसरा दिवस उथळ पाण्यातल्या सरावाचा. दुसऱ्या दिवशी हॅवलॉकला पोचून कागदपत्रं, मास्क आणि सूटचं माप. पहिला दिवस विमानात जातो. यात सहावा दिवस मुद्दाम मोकळा आहे: कोणाचा कान अडला, समुद्र बिघडला किंवा फेरी रद्द झाली तर तो कामी येतो. काहीच बिघडलं नाही तर दोन मजेच्या डाइव्ह.

एक नावांचं लक्षात ठेवा. हॅवलॉकचं अधिकृत नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, नील शहीद द्वीप, आणि २०२४ पासून पोर्ट ब्लेअर श्री विजयपुरम. तिकिटांवर आणि संकेतस्थळांवर जुनं-नवं काहीही दिसतं, गोंधळू नका.

आता कोर्स की नुसती बुडी. नुसत्या बुडीत इन्स्ट्रक्टर मागून तुमची हवेची टाकी धरतो आणि तुम्हाला हिंडवतो. खोली जास्तीत जास्त १२ मीटर, बहुतेकदा त्याहून बरीच कमी. पोहता येत नसलं तरी चालतं. वाईट काही नाही, पण ते हिंडवून आणणं आहे. ओपन वॉटर कोर्समध्ये १८ मीटरपर्यंत, जोडीदारासोबत, स्वतःच्या हिमतीवर बुडी मारायचं प्रमाणपत्र मिळतं आणि ते जगभर चालतं. प्रमाणपत्र पाडी संस्थेचं असो की एसएसआयचं, दोन्ही सारखीच. संस्थेपेक्षा शिकवणारा माणूस बघा.

पोहण्याची अट अशी: २०० मीटर न थांबता, कुठल्याही प्रकाराने, वेळेचं बंधन नाही. आणि १० मिनिटं कशालाही न धरता तरंगणं. तुमच्या यजमानांनी आत्तापासून तलावावर जावं. २५ मीटरच्या तलावात आठ लांब्या. वेग नको, दम हवा.

मुलगा १२ चा आहे म्हणजे अडचण नाही. दहाव्या वर्षापासून ज्युनियर प्रमाणपत्र मिळतं. १०-११ वयाला १२ मीटरची मर्यादा आणि पालक किंवा व्यावसायिक डायव्हर सोबत हवा. १२ ते १४ ला १८ मीटर, सोबत कोणीही प्रमाणित मोठा माणूस.

थिअरी घरीच संपवा. ऑनलाइन असते, धडे फोनवर उतरवून घ्या. ती तिथे बसून केलीत तर समुद्राचा एक दिवस खोलीत जातो.

डॉ_खारवारा
यजमानांच्या बीपीबद्दल. प्रत्येक सेंटर आधी वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतं. तीत दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची किंवा सायनसची शस्त्रक्रिया, मधुमेह, छातीत हवा शिरण्याचा पूर्वेतिहास असं सगळं विचारतात आणि ४५ च्या पुढच्यांना आणखी काही. ठरावीक प्रश्नांना 'हो' आलं की डॉक्टरची सही आणि 'डायव्हिंगला हरकत नाही' असा शेरा लागतो. तो पुण्यातूनच घेऊन जा. हॅवलॉकला ऐनवेळी धावाधाव होते, आणि 'हो'च्या जागी 'नाही' लिहा असा सल्ला देणारा महाभाग तिथे भेटतोच. त्याचं ऐकू नका.

गोळी कुठली आहे तेही डॉक्टरांशी बोला. बीटा ब्लॉकर गटातली असेल तर जोर लावल्यावर नाडी हवी तशी वाढत नाही, आणि प्रवाहाविरुद्ध पोहताना दम लवकर संपतो. बीपी आटोक्यात असेल तर बहुतेकांना परवानगी मिळते. गोळी स्वतःच्या मनाने बदलायची किंवा बंद करायची नाही.

सर्दी असेल तर बुडी नाही. नाक मोकळं करणारा स्प्रे मारून खाली जाणं ही नेहमीची चूक. खाली असताना औषधाचा असर उतरतो, नाकाचा अस्तर पुन्हा सुजतो आणि वर येताना कानातली हवा बाहेर पडत नाही. उतरताना अडला तर थांबून माघारी फिरता येतं. वर येताना अडला तर टाकीतली हवा संपायच्या आत वर यावंच लागतं.

कान मोकळे करणं पाण्याच्या वरूनच सुरू करा आणि पहिल्या दहा मीटरमध्ये दर अर्ध्या-एक मीटरला करत राहा. दुखायच्या आधी, दुखल्यावर नाही. नाक चिमटून हलका फुंकर, जोर नको. उघडत नसेल तर एक मीटर वर या, पुन्हा करा. दाबातला सगळ्यात मोठा बदल याच पट्ट्यात आहे: पृष्ठभागावरून १० मीटरला गेलं की दाब दुप्पट होतो, १० वरून २० ला जाताना मात्र फक्त दीडपट.

आणखी एक. दाब उपचाराचा चेंबर हॅवलॉकला नाही, त्यासाठी पोर्ट ब्लेअरला नौदलाकडे जावं लागतं. त्यामुळे बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का हे सेंटरला विचारायचंच. साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग बहुधा वगळलेलं असतं, ते कलम वाचा आणि गरज पडली तर डायव्हर्सचा वेगळा विमा घ्या.

मास्कवाली_मावशी
विकत काय घ्यावं? फक्त मास्क. बाकी सगळं कोर्सच्या पैशात मिळतं.

मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तुमचा. सुळकन घसरला तर किंमत कितीही असो, नको. तुमच्या −३.५ साठी नंबरच्या तयार काचा मिळतात, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्यात, दोन्ही डोळ्यांना वेगळ्या. सिलिंड्रिकल नंबर असेल तर त्या काचांत तो नसतो, चष्मेवाल्याकडून जवळचा गोल नंबर काढून घ्या. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घालूनही जाता येतं, पण रोज टाकून द्यायच्या घ्या, आणि मास्कमध्ये पाणी घ्यायचा सराव करताना डोळे मिटा.

नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा थर असतो. तो गेल्याशिवाय धुकं जाणार नाही. साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नाही, आतून बोटाने दोन मिनिटं घासा, धुवा, असं तीनदा. पाण्यात जायच्या आधी आतून थुंकी लावून हलकं विसळायचं. किळस वाटली तर बाळांचा शांपू, पाण्यात पातळ करून.

फेब्रुवारीत पाणी २७-२८ अंशांच्या आसपास असतं. मोठ्यांना तीन मिलिमीटरचा सूट पुरतो. मुलगा किडकिडीत असेल तर अख्ख्या बाह्यांचा मागा, दुसऱ्या डाइव्हला मुलं कुडकुडतात.

घाटावरचं_कासव
एवढं सविस्तर! धन्यवाद सगळ्यांना. दोन उपप्रश्न. नवऱ्याला जाड मिशी आहे, आणि ती काढणार नाही असं आत्ताच जाहीर झालंय. आणि मला बोट लागते.

मास्कवाली_मावशी
मिशी राहू द्या, फक्त नाकाखालचा वरचा काठ तीन-चार मिलिमीटर कातरा. मास्कची कड कातडीला टेकायला तेवढी पट्टी पुरते. तरी थोडं पाणी येईल. ते नाकाने फुंकून काढायचं असतंच, सवय होते.

बुडबुडा
तेच फुंकून काढणं कोर्समधली सगळ्यात अडणारी पायरी. मास्क पाण्याने भरला की माणूस नकळत नाकाने श्वास ओढतो, ठसका लागतो आणि वर धावतो. वर धावणं हाच खरा धोका. दहा मीटरवर भरून घेतलेला श्वास वर येईपर्यंत दुप्पट फुगतो, म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही. सराव घरून करा: तलावाच्या उथळ भागात, मास्क न लावता, तोंडात स्नॉर्केल (श्वासाची वाकडी नळी) धरून चेहरा पाण्यात घाला आणि पाच मिनिटं फक्त तोंडाने श्वास घ्या. नाक उघडं आणि ओलं राहिलं पाहिजे. हे जमलं की निम्मा कोर्स झाला.

हवेचा हिशोब डोक्यात ठेवा. टाकी ११ लिटरची, भरलेली २०० बारला (बार हे दाबाचं माप). ५० बार हातात राखून वर यायचं, म्हणजे वापरायला १५० × ११ = १६५० लिटर. नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० लिटर ओढतो, १० मीटरवर ४०, १८ मीटरवर ५६. म्हणजे १० मीटरला चाळीसेक मिनिटं आणि १८ ला जेमतेम एकोणतीस. घाईने हात मारणाऱ्याची याहून लवकर संपते. शेवटी ५ मीटरवर तीन मिनिटांचा थांबा.

वजनाचा पट्टा नवख्यांना हमखास जास्त बांधतात, कारण मग ते तरंगत नाहीत आणि इन्स्ट्रक्टरचं काम सोपं होतं. पण जास्त वजन म्हणजे जॅकेटमध्ये (टाकी बांधलेलं, तरंगण्यासाठी हवा भरायचं जाकीट) जास्त हवा, आणि मग वर-खाली हिंदकळणं. तपासणी अशी, पृष्ठभागावरच: जॅकेट रिकामं, साधा श्वास धरून उभं तरंगलात तर पाणी डोळ्यांच्या रेषेत हवं. भरलेल्या टाकीने तपासलंत तर त्यावर दोनेक किलो वाढवा, ॲल्युमिनियमची टाकी रिकामी झाली की वर ओढू लागते.

मालवणी_तारली
बोट लागणाऱ्या ताईंसाठी: गोळी (ॲव्होमिन चालते) निघायच्या तासभर आधी. पण आधी घरी एकदा घेऊन बघा, झोप किती येते ते. गुंगी येत असेल तर ती डाइव्हच्या दिवशी नको, फेरीपुरतीच ठेवा. फेरीत मागच्या बाजूची मधली, खालची खुर्ची घ्या. पोटात पोहे, इडली असं हलकं असू दे, रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. आणि पाण्याखाली उलटी झालीच तर रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारं तोंडातलं यंत्र) तोंडातून काढू नका, घट्ट धरून त्यातूनच करा, मग बटण दाबून साफ करा. ऐकायला कसंसं वाटतं, पण काढला की पुढचा श्वास पाण्याचा येतो.

तारखा अजून पक्क्या नसतील तर पंचांग बघा. अमावस्या-पौर्णिमेनंतर दोन दिवस उधाण असतं, ओढ जोरात आणि पाणी गढूळ. अष्टमी ते दशमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी शांत. कोर्सचे दिवस भांगात पडले तर शिकणं निम्मं सोपं. नवख्यांना बहुधा दोन नंबर बीचवरचं नेमो रीफ किंवा लाइटहाउस दाखवतात. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज ही नावं ऐकून हट्ट धरू नका. तिथली गंमत वीस मीटरच्या आसपास सुरू होते आणि ओढही असते.

शिवाय आधी तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात जाऊन तलावातला सराव करून आलात तर काय वाईट? पुण्याहून रात्रभराचा रस्ता.

बुडबुडा
सरावाला उत्तम, पण अर्धा कोर्स इथे आणि अर्धा तिथे करायचा असेल तर इन्स्ट्रक्टरकडून पूर्ण झालेल्या भागाचं लेखी रेफरल लागतं, आणि दोन्ही संस्था एकच असलेल्या बऱ्या. नुसता सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचा बुडीचा अर्धा तास कोर्समध्ये धरला जात नाही.

तरंगता_ओंडका
सेंटर निवडताना काय विचारायचं? सगळ्यांचे रिव्ह्यू पाच ताऱ्यांचे आहेत.

बुडबुडा
एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी (चारहून जास्त असतील तर दुसरीकडे बघा, नियमात जास्त बसत असले तरी). इन्स्ट्रक्टरचा सभासद क्रमांक द्या म्हणा, तो संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. मराठी नाही तरी हिंदीत शिकवणार का, मुलासाठी हे महत्त्वाचं. ऑनलाइन थिअरीचे पैसे दरात धरलेत का. हवामानामुळे डाइव्ह रद्द झाली तर पैसे परत की दुसरा दिवस. आणि कोणी 'दोन दिवसांत सर्टिफिकेट' म्हणालं तर तलावातला सराव कधी घेणार ते विचारा. चार डाइव्ह दोन दिवसांत होतात, सराव त्यात मावत नाही. जाऊन बघता आलं तर टाकीतली हवा हुंगा. तेलाचा किंवा धुराचा वास आला तर निघा.

डॉ_खारवारा
हॅवलॉकच्या राधानगर बीचवर पोहायला जाल तेव्हा मगरींच्या सूचनेचे फलक वाचा, खासकरून नील्स कोव्हच्या बाजूला. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात आहे आणि हॅवलॉकला हल्ला झालेला आहे. बीचवर संध्याकाळी वाळूतल्या माश्या चावतात, खाजवलं की आठवडाभर पुरळ. पायाला खोबरेल तेल चोपडून बसा. सूर्य तिकडे पाच-साडेपाचलाच मावळतो, बोटीही सकाळी सातच्या सुमारास निघतात. पुण्याच्या झोपेच्या वेळा पहिल्या दिवसापासूनच सोडा.

मालवणी_तारली
आणि मुलाला आत्ताच सांगून ठेवा, शंख, शिंपले, मेलेलं पोवळं काहीही खिशात घालायचं नाही. परतताना विमानतळावर बॅगा तपासतात, पोवळं वन्यजीव कायद्याखाली येतं आणि किनाऱ्यावर पडलेलं होतं ही सबब चालत नाही. सरकारी परवान्याच्या दुकानातून शंख घेतलात तर पावती बॅगेत वरच ठेवा.