ब्रॉडबँड ओढा, जीडीपी वाढवा (म्हणे!)

केबलकाका: परवाच्या एका पोस्टवर शे-दीडशे जणांनी माना डोलावल्या म्हणून हा धागा. दावा असा: शंभर माणसांमागे १० ब्रॉडबँड (वेगवान इंटरनेटच्या) जोडण्या वाढल्या की विकसनशील देशाच्या जीडीपीचा, म्हणजे एकूण उत्पादनाचा, वाढीचा दर १.३८ टक्के-अंकांनी चढतो (म्हणजे ४ टक्के असेल तर ५.३८). आकडा जागतिक बँकेच्या २००९च्या अहवालातला. अहो, पैसा असलेल्या देशात जोडण्या आधी पोचतात, मग श्रेय तारेला का? वायरीने श्रीमंती येत असती तर अर्थमंत्र्यांऐवजी वायरमन नेमले असते.

निरुपमा: काका, हा आक्षेप शिळा झाला. योर्ट आणि पोल्सेन या अर्थतज्ज्ञांचा २०१९चा निबंध वाचा. आफ्रिकेत समुद्री केबल पोचल्यावर वेगवान इंटरनेट मिळालेल्या भागांत रोजगार वाढला, आणि जेमतेम प्राथमिक शाळा शिकलेल्यांचाही.

केबलकाका: वाढला असेल. केबल न पोचलेल्यांचं काय? दरी रुंदच झाली ना!

निरुपमा: म्हणजे तारेने फरक पडतो हे मान्य. मुद्दा माझाच झाला. धन्यवाद.

अपलोडग्रस्त: तुम्ही भांडा. मी घरून नकाशे काढून देतो. डाउनलोड सुसाट, अपलोड रडतखडत. फाइल ९८ टक्क्यांवर अडकली, निविदेची वेळ टळली, काम गेलं. कंपनी म्हणते, जोडणी 'चालू' आहे. सरकारी तक्त्यात मी 'जोडलेला'च!

खगोल्या: उपग्रह घ्या की. खड्डे खणायची कटकट नाही.

अपलोडग्रस्त: ३६,००० किलोमीटरवरचा? 'हॅलो' म्हणून उत्तर येईपर्यंत समोरचा फोन ठेवतो.

खगोल्या: कुठल्या जमान्यात आहात? स्टारलिंकचे, म्हणजे इलॉन मस्कच्या कंपनीच्या इंटरनेट सेवेचे, उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात. जानेवारी २०२२मध्ये टोंगा या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशात ज्वालामुखीने समुद्री केबल तोडली, देश जवळपास पाच आठवडे त्या तारेविना होता. तेव्हा उपग्रहच कामी आले.

केबलकाका: 'कामी आले' म्हणजे रडतखडत! आणि ती डिश गरिबाने घ्यायची कशी? वर बटण एका परदेशी शेठजीच्या हातात.

खगोल्या: तारेचं बटण तुमच्या हातात आहे का? उगाच शेठजी-शेठजी करू नका. तुम्हाला आकाशात गेलेलं काहीच बघवत नाही.

केबलकाका: वैयक्तिक होऊ नका!

निरुपमा: विषय जीडीपीचा होता, आठवतंय का कुणाला? फिनलंडने २०१०मध्येच १ एमबीपीएसची (सेकंदाला एक मेगाबिट वेगाची) जोडणी कायदेशीर हक्क केली. वेग आज हास्यास्पद वाटेल, पण दुर्गम वस्तीला 'परवडत नाही' म्हणून टाळायची कंपन्यांची सोय तरी गेली.

केबलकाका: बरं बाई, हक्क द्या. १.३८ मात्र मी मान्य केलेला नाही, शून्य पूर्णांक काहीतरी घ्या हवं तर.

अपलोडग्रस्त: त्या हक्कात अपलोड येतं का? कुणीतरी सांगा.